गोधडीतला झोळ : कापावा की मुरवावा?

सातारा, सांगली : दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावोगावच्या शिलाई यंत्रांपुढे एक वेगळेच काम येऊन पडू लागते. ब्लाऊज, परकर आणि गणवेश यांची वर्षभराची कामे थोडी मागे सरतात आणि दारात गाठोडी येतात. कोणाच्या गाठोड्यात आजीची दोन लुगडी असतात, कोणाच्या गाठोड्यात आईच्या पाच-सहा सुती साड्या, तर कोणी घरीच तुकड्याला तुकडा जोडून चौकटींचा सुरेख थर तयार करून आणलेला असतो. आता त्यात भरण घालून, खाली अस्तर लावून, यंत्रावर आडवे-उभे टाके घालून गोधडी तयार करायची, एवढेच काम उरलेले दिसते.

प्रत्यक्षात खरी अडचण इथूनच सुरू होते. गिऱ्हाईक निघून गेल्यावर शिवणारी बाई तो थर फरशीवर अंथरते. चारही कडा सरळ येतात, पण मध्यभाग जमिनीला टेकत नाही. एका बाजूने तळहात फिरवून तो दाबावा, तर दुसऱ्या बाजूला वर येतो. कधी उलटे घडते. मध्य सपाट बसतो आणि कडा मात्र लाटांसारख्या हलतात. कापड जितके हवे त्याहून कुठेतरी जास्त आहे. या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे झोळ म्हणतात. हा झोळ तसाच यंत्राखाली गेला, तर गोधडीवर चुण्या पडतात, टाक्यांखाली घड्या शिवल्या जातात आणि शेवटच्या कोपऱ्यात कापडाचा फुगा जमतो. उसवावे, तर जुन्या लुगड्याला सुईची भोके तशीच राहतात, आणि कापड विरलेले असेल तर त्या भोकांच्या रेषेतच ते फाटते.

म्हणूनच झोळाचा निर्णय यंत्र सुरू होण्याआधी घ्यावा लागतो. तो कसा घ्यावा, यामागचे शास्त्र साधे आहे. पण ते ठाऊक नसल्याने अनेकींची मेहनत आणि अनेक घरांतील जपून ठेवलेली लुगडी वाया जातात.

हाताची रीत आणि यंत्राची रीत

गोधडी, वाकळ, लेपाटे, दुपटे अशी हिची नावे गावागणिक आणि आकारागणिक बदलतात. जत तालुक्याकडे कर्नाटकाची सीमा जवळ आली, की कानडी बोलणाऱ्या घरांतून 'कौदी' हा शब्द ऐकू येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या अशाच पांघरुणाला 'कवंदी' म्हणतात. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी याच कुळातल्या. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. घरच्या वापरातील ही वस्तू अभ्यासाचा विषय ठरली, ही समाधानाची गोष्ट होय.

हाताने गोधडी शिवताना पुष्कळदा कडेपासून सुरुवात केली जाते. एका कोपऱ्यातून धावदोरा निघतो, चारही कडांनी फिरतो, मग त्याच्या आत दुसरी चौकट, तिच्या आत तिसरी, असे करत शिवण मध्याकडे जाते. या रीतीत झोळाचा प्रश्न फारसा जाणवत नाही. शिवणाऱ्या बाईचा डावा हात गोधडीच्या खाली असतो आणि उजव्या हातात सुई असते. कापड जिथे सैल लागेल तिथे ती नकळत ते किंचित जवळ ओढते आणि टाका घालते. एका टाक्यात सुताएवढे कापड जिरते. हजारो टाक्यांत मिळून कित्येक इंच जास्तीचे कापड कोणाच्या ध्यानातही न येता मुरून जाते. हाताच्या गोधडीवर जी बारीक, पाण्याच्या तरंगांसारखी सुरकुती दिसते, ती याच मुरवण्याची खूण आहे.

यंत्राला हा विवेक नाही. यंत्राच्या पट्टीखाली बारीक दाते असतात. ते खालचे कापड पकडून मागे सरकवतात. वरून कापड दाबून धरणारा धातूचा पाय, ज्याला कारागीर नुसतेच 'फूट' म्हणतात, तो मात्र जागचा हलत नाही. परिणामी अस्तर पुढे जात राहते आणि वरचे कापड पायाला अडून थोडे थोडे मागे रेटले जाते. दोन कापडी थरांमध्ये जाड भरण असेल, तर ही सरक आणखी वाढते. म्हणजे वरचा थर अगदी मापात असला, तरी यंत्र स्वतःच थोडा झोळ निर्माण करते. त्यात मुळातच जास्तीचे कापड असेल, तर दोन्ही झोळ एकत्र येऊन शिवणीच्या शेवटी साठतात.

इथे एक चूक वारंवार होते. गिऱ्हाईक म्हणते, आमच्या आजीच्या गोधडीसारख्याच चौकटीत चौकटी घाला. शिवणारी बाई तीच जुनी रीत यंत्रावर वापरते आणि कडेपासून मध्याकडे शिवत जाते. प्रत्येक चौकटीबरोबर झोळ आत ढकलला जातो. चारही बाजूंनी वाट बंद झालेली असते. अखेर मध्यावर जो फुगा उरतो, त्याला जायला जागाच नसते. चौकटीत चौकटी हव्या असतील तर यंत्रावरही त्या घालता येतात. मात्र आधी मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालून सर्व थर जागच्या जागी बसवून घ्यावे लागतात. हाताची शिवण बाहेरून आत येते, यंत्राची शिवण आतून बाहेर गेली पाहिजे, हा या कामातील पहिला नियम.

झोळ येतो कुठून?

कापड जास्त का होते, हे समजले तर उपाय निवडणे सोपे जाते. कारणे साधारण पाच आहेत.

पहिले कारण वापराचे. लुगडे किंवा साडी वर्षानुवर्षे नेसली, की तिचा काही भाग बसण्या-उठण्याने ताणला जातो. काठ दाट विणीचा असल्याने तो आपले माप धरून राहतो. अंगाचा भाग मात्र सैलावतो. अशा लुगड्याचा तुकडा अंथरला, की दोन काठांच्या मधले कापड फुगते.

दुसरे कारण दोन धाग्यांचे. या भागात आवडीने नेसल्या जाणाऱ्या इरकली साडीत अंग अनेकदा सुती असते आणि काठ-पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. सूत धुण्यात आटते, काठ तेवढा आटत नाही. त्यामुळे इथे उलटा प्रकार होतो. अंग आखडते आणि काठ लाटांसारखा हलतो.

तिसरे कारण कापडाच्या तिरपेपणाचे. कापड ताण्याच्या दिशेने सर्वांत कमी लांबते, बाण्याच्या दिशेने थोडे अधिक आणि तिरपे, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत उरेब धरले तर सर्वांत जास्त. त्रिकोणी तुकडे जोडून केलेल्या नक्षीत कुठली तरी एक बाजू उरेब येतेच. शिवताना किंवा इस्त्री फिरवताना ती ताणली गेली, की त्या ओळीत झोळ आलाच म्हणून समजावे.

चौथे कारण भोवतीच्या पट्टीचे. घरी थर तयार करताना बहुतेक जणी लांब पट्टी घेतात, कडेला लावत जातात आणि शेवटी उरलेली कापून टाकतात. कड आधीच थोडी ताणलेली असते, त्यात यंत्राचे दाते पट्टी आणखी आत ओढतात. पट्टी गरजेपेक्षा लांब बसते आणि कडेला लाटा येतात.

पाचवे कारण शिवणींचे. लहान तुकड्यांच्या थरात शेकडो शिवणी असतात. एका शिवणीत सुतभर फरक पडला, तरी तीस तुकड्यांच्या ओळीत तो इंचांवर जातो. एक ओळ लांब, शेजारची आखूड आणि दोन्ही ओढून जोडलेल्या, असे झाले की लांब ओळीत कापड गोळा होते.

आधी टेप, मग सुई

झोळ नुसत्या डोळ्यांनी जोखता येत नाही. तो मोजावा लागतो. त्यासाठी थर सपाट फरशीवर न ओढता अंथरावा आणि रुंदी तीन ठिकाणी घ्यावी : वरच्या कडेला, बरोबर मध्यावर आणि खालच्या कडेला. लांबीही अशीच तीन ठिकाणी घ्यावी. शेवटी समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन तिरपी मापे घ्यावीत. एकूण आठ मापे. कामाला पाच मिनिटे पुरतात.

एक उदाहरण पाहू. समजा, एका थराची वरची आणि खालची कड ५४ इंच भरली आणि मध्यावरची रुंदी ५७ इंच भरली. याचा अर्थ मध्यभागी तीन इंच कापड जास्त आहे. उलट कडा ५७ आणि मध्य ५४ भरला, तर दोष भोवतीच्या पट्टीत आहे. तिरपी दोन मापे वेगवेगळी आली, तर तो झोळ नव्हे. थर एका अंगाला कलला आहे. अशा वेळी कापड किंचित ओले करून आखूड कोपरे धरून हळूहळू ओढले, की तो बराचसा चौकोनात येतो.

मापाबरोबर तळहाताचीही एक परीक्षा आहे. फुगलेल्या जागी तळहात ठेवून कापड कडेकडे सारत न्यावे. फुगवटा कडेपर्यंत जाऊन नाहीसा झाला, तर अंथरण्यात चूक होती. तो इकडून तिकडे फिरत राहिला आणि पुन्हा वर आला, तर झोळ खरा आहे.

मग प्रश्न येतो, किती झोळ मुरवता येईल? याचे उत्तर शिंपीकामात आधीच आहे. सदऱ्याची किंवा ब्लाऊजची बाही मुंढ्याला बसवताना बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा जास्त असतो. कुशल शिंपी ती जास्तीची सैल एकही चुणी न पडू देता मुंढ्यात बसवतो. गोधडीतही तेच करायचे असते. वरच्या उदाहरणातील तीन इंच सहा भागांत वाटले, तर अस्तराच्या दर नऊ इंचांवर वरचे कापड साडेनऊ इंच येते. मऊ सुती कापड आणि खाली पुरेसे भरण असेल, तर नऊ इंचांत अर्धा इंच मुरवणे यंत्रावरही साधते. हेच प्रमाण नऊ इंचांत एक इंच झाले, तर मुरवण्याच्या नादी न लागता शिवण उसवण्याचा विचार करावा.

उपायांची उतरंड

उपाय नेहमी सौम्यापासून कठोराकडे जावेत. जे परत फिरवता येते ते आधी आणि ज्यात कात्री लागते ते सर्वांत शेवटी.

पहिला उपाय पाण्याचा. सुती कापडावर पाणी शिंपडून वरून गरम इस्त्री दाबून ठेवली, तर ताणलेले धागे पुष्कळ अंशी मूळ जागी येतात. इस्त्री पुढे-मागे घासू नये. त्याने कापड आणखी ताणले जाते. ती उचलून ठेवावी, पुन्हा उचलावी. गिऱ्हाइकाने नवे कापड न धुता आणले असेल, तर ते आधी पाण्यातून काढलेच पाहिजे. अन्यथा गोधडी पहिल्या धुण्यात आटते आणि झोळ नसलेल्या ठिकाणीही सुरकुत्या येतात. टेरिकॉट किंवा नायलॉनच्या साड्यांवर मात्र हा उपाय चालत नाही. त्या आटत नाहीत आणि गरम इस्त्रीने वितळण्याची भीती असते.

दुसरा उपाय वाटणीचा. अस्तर जमिनीवर ताणून चिकटपट्टीने बसवावे, त्यावर भरण आणि वर मुख्य थर ठेवावा. अस्तराचा मध्य आणि थराचा मध्य जुळवून तिथे पहिली टाचणी लावावी. मग चारही कडांचे मध्य जुळवावेत. त्यानंतर प्रत्येक अर्ध्याचा अर्धा, पुन्हा त्याचा अर्धा, असे करत जावे. मोठा फुगा याने अनेक लहान लहान फुगीर भागांत विभागला जातो. प्रत्येक भागात बोटभर अंतरावर सेफ्टी पिना किंवा कच्चे टाके घालावेत. कंटाळा येणारे हे काम आहे. पण पुढचे सारे काम यावरच उभे असते.

तिसरा उपाय भरणाचा. पातळ भरणावर जास्तीच्या कापडाला आधार नसतो, म्हणून ते घडी घेते. फुगीर भागाखाली भरणाचा आणखी एक पातळ थर दिला, की कापड वर उचलले जाते आणि झोळ उंचीत खर्ची पडतो. जादा थराची कड सरळ कापू नये. ती बोटांनी ओढून विरळ करावी, म्हणजे वरून कड जाणवत नाही.

चौथा उपाय टाक्यांच्या दाटीचा. शिवण कापड आत ओढते. जिथे टाक्यांच्या रेषा दाट, तिथे कापड जास्त आखडते. तेव्हा मध्यभाग सैल असेल, तर मध्यात रेषा दाट घालाव्यात आणि कडेला विरळ. कडा हलत असतील, तर कडेला दाट घालाव्यात. अनेकदा नेमके याच्या विरुद्ध केले जाते. सैल भागात शिवायची भीती वाटते, म्हणून तिथे रेषा कमी घातल्या जातात आणि तो भाग आणखी उठून दिसतो. रेषा शक्यतो एकाच बाजूने सुरू कराव्यात. एक रेषा वरून खाली आणि शेजारची खालून वर घातली, तर दोन रेषांमधले कापड विरुद्ध दिशांना ओढले जाऊन तिरप्या सुरकुत्या पडतात.

यंत्रातही काही बदल करता येतात. टाका थोडा मोठा ठेवावा. मशीनच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून पायाचा दाब कमी करावा. वरच्या थरालाही दाते लावून खालच्या थराबरोबर सरकवणारा एक जोड-पाय बाजारात मिळतो. जाड कामासाठी तो फार उपयोगी पडतो. घरगुती यंत्राच्या हाताखाली जागा सहा-सात इंचांचीच असल्याने गोधडीच्या दोन्ही बाजू गुंडाळून घ्याव्यात आणि तिचे वजन टेबलाखाली लोंबू देऊ नये. लोंबणारे वजन कापड ताणते आणि नसलेला झोळ आणते.

हे सर्व करूनही झोळ उरला, तर शिवण उसवावी लागते. सुदैवाने तुकड्यांच्या थरात दोष बहुधा एक-दोन ओळींतच असतो. लांब ओळ शोधून तिच्या दोन-तीन शिवणी थोड्या आत घेतल्या, की माप जुळते. भोवतीची पट्टी लांब असेल, तर ती पूर्ण काढून मध्याच्या मापाने पुन्हा लावणे हाच पक्का इलाज. पट्टी लावताना दोहोंपैकी जे कापड लांब, ते खाली दात्यांच्या बाजूला ठेवावे. दाते त्याची सैल आपोआप आत घेतात.

अखंड लुगड्याच्या थरात उसवायला शिवणच नसते. तिथे शेवटचा मार्ग म्हणजे ब्लाऊजला घालतात तसा टक्स घालणे, म्हणजे जास्तीचे कापड निमुळत्या घडीत धरून शिवून टाकणे. ही घडी काठाच्या सावलीत किंवा नक्षीच्या रेषेत लपवता येते. त्यावर त्याच लुगड्याच्या पदराचे एखादे ठिगळ बसवले, तर ती दुरुस्ती न वाटता शोभा वाटते. जुन्या गोधड्यांवरील कित्येक सुंदर ठिगळांमागे अशीच काही गरज असावी.

लुगडे कोणाचे?

इथवरचा भाग हाताच्या कसबाचा झाला. पण झोळाचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही, कारण ज्या कापडावर हा निर्णय घ्यायचा ते शिवणाऱ्या बाईचे नसते. गिऱ्हाइकाने आणलेले लुगडे हे बाजारातून पुन्हा विकत आणता येणारे कापड नव्हे. ज्या बाईने ते नेसून आयुष्य काढले, ती आता हयात नसते. तिच्या मुलीला किंवा नातीला ते अंगावर घ्यायचे असते. त्यावरचा एखादा डाग, एखादी रफू, पदराचे विरलेले टोक यांनाही त्या घरात अर्थ असतो. शिवणारीच्या नजरेला जो दोष दिसतो, तो पुसून टाकण्याची गिऱ्हाइकाची इच्छा असेलच असे नाही.

म्हणून टक्स घालणे, शिवण उसवणे, काठ वेगळा करणे किंवा कापड छाटणे यांपैकी काहीही करण्याआधी विचारणे हे सौजन्य तर आहेच, पण व्यवहाराचाही भाग आहे. गाठोडे घेतानाच थर गिऱ्हाइकासमोर अंथरावा. आठ मापे त्यांच्या देखत घ्यावीत आणि वहीत लिहावीत. जास्तीचे कापड कुठे आहे, ते हाताने दाखवावे. मग तीन गोष्टी विचाराव्यात : थोड्या सुरकुत्या चालतील का, शिवण उसवली तर चालेल का आणि कात्री लावायची परवानगी आहे का. उसवण्याचा वेळ लागणार असेल, तर त्याची मजुरी आधीच सांगावी. काम झाल्यावर सांगितलेली मजुरी गिऱ्हाइकाला दंडासारखी वाटते आणि न सांगता केलेले जादा काम शिवणारीला तोट्यात नेते.

गोधडी शिवणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया घरातूनच काम करतात. पावती नसते, करार नसतो, जाहिरात तर नसतेच. गल्लीतल्या चार घरांचे बरे बोल हेच त्यांचे भांडवल असते. माण तालुक्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, ती अशाच लहान उद्योग करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना पत मिळावी म्हणून. कर्जाने यंत्र येते; पण गिऱ्हाइकाचा विश्वास कर्जाने मिळत नाही. एका बिघडलेल्या गोधडीची गोष्ट गावात दहा चांगल्या गोधड्यांपेक्षा लवकर पसरते.

काही वेळा काम नाकारणे हाच प्रामाणिक सल्ला ठरतो. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली परिसरातील असंख्य घरांत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात अनेक दिवस राहिलेले सुती कापड वरून धडधाकट दिसले, तरी त्याचे धागे कुजून कमकुवत झालेले असू शकतात. असे कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून हळूच ताणून पाहावे. ते तडकत असेल, तर यंत्राची दाट शिवण त्याला पेलणार नाही. त्याच्या मागे मऊ मलमल लावून हाताने विरळ धावदोरा घालणे किंवा त्यातले चांगले तुकडे निवडून नव्या सुती कापडावर बसवणे अधिक योग्य. तसे स्पष्ट सांगितल्याने एखादे काम जाईल. पण लुगडे राहील.

सातासमुद्रापारही तोच पेच

हा पेच केवळ आपल्या गावांचा नाही. अमेरिकेत घरी तुकड्यांचा थर जोडायचा आणि तो शिवून घेण्यासाठी व्यावसायिक कारागिराकडे द्यायचा, अशी मोठी पद्धत आहे. या कारागिरांकडे लांब हाताची यंत्रे असतात. त्यांत थर दोन रुळांवर ताणून बसवतात आणि कापडाऐवजी यंत्रच पुढे-मागे फिरते. खालच्या कापडाची सरक त्यात बरीच टळते. परंतु गिऱ्हाइकाने आणलेल्या थरातच झोळ असेल, तर हे महागडे यंत्रही हतबल ठरते. तिथले कारागीरही थर आधी मोजतात, फुगीर भागाखाली जाड भरण सुचवतात, कडा आधी कच्च्या टाक्यांनी बांधून घेतात आणि गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय चुणी घालत नाहीत. यंत्राची किंमत बदलली, तरी कामाचा क्रम बदललेला नाही.

घरी थर जोडणाऱ्यांसाठी

गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही बरेच काही करता येते. थर देण्याआधी सर्व कापड धुऊन, वाळवून घ्यावे. सुती आणि कृत्रिम धाग्यांच्या साड्या एकाच थरात शक्यतो मिसळू नयेत. उरेब कडेला हलकी खळ द्यावी, म्हणजे ती शिवताना ताणली जात नाही. भोवतीची पट्टी कापताना कडेचे माप न घेता मध्याचे घ्यावे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याच मापाच्या कापून, टाचण्यांनी वाटून मग शिवाव्यात. नऊवारी लुगड्याचे समान चार भाग केले, तर प्रत्येक भाग सव्वादोन वार, म्हणजे पावणेसात फूट लांब येतो. एका माणसाच्या गोधडीला ही लांबी पुरते. मात्र काठासह तुकडा वापरायचा असेल, तर काठ आणि अंग यांची लांबी वेगवेगळी मोजून पाहावी. फरक असल्यास तो शिवणाऱ्या ताईंना आधीच सांगावा.

यंत्राने गोधडीचे काम महिन्यांवरून दिवसांवर आणले. थंडीच्या तोंडावर येणारी गाठोडी पाहता ते गरजेचेही होते. पण हाताची शिवण जे मुकाट्याने करत होती, ते यंत्राकडून करून घ्यायचे, तर आधी टेप काढावी लागते, टाचण्या लावाव्या लागतात आणि दोन शब्द बोलावे लागतात. जास्तीचे कापड हा काही कोणाचा अपराध नव्हे. नेसणारीच्या उठण्या-बसण्याने आणि वर्षांच्या धुण्याने ते सैलावलेले असते. ते कापून टाकण्याआधी मुरवून पाहावे आणि कापावेच लागले, तर विचारून कापावे. पांघरूण अंगावर घेणाऱ्याला टाके किती सरळ आहेत हे रात्रीच्या अंधारात दिसत नाही. आजीचे लुगडे अखंड आहे की नाही, हे मात्र हाताला कळते.